एकोणीस पावलं

नजमा मॅडमनी फूटपट्ट्यांचा गठ्ठा कपाटात टाकला, कुलूप लावलं आणि दुसरीच्या पोरांना म्हणाल्या, "आज पट्टी नाही. आज पट्टी तुमच्या अंगावरच आहे. शोधा बरं."

पोरं एकमेकांच्या अंगाकडं बघायला लागली. सत्यमनं सदरा वर करून कंबरेचा करदोडा दाखवला, त्यावर वर्ग खिदळला. मॅडमनी पंजा ताणून बाकावर ठेवला. "ही वीत." मग कोपर टेकवलं. "हा हात." मग वऱ्हांड्यात जाऊन एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्या पावलाची टाच लावत चालल्या. सगळ्यांच्या चपला दाराबाहेर होत्या, मॅडमच्याही. "आणि हे पाऊल. टाच अंगठ्याला भिडली पाहिजे. मधून मुंगी गेली तर माप चुकलं."

मग जो गोंधळ उडाला तो सुट्टी होईपर्यंत मिटला नाही. कुणी फळा विती टाकून मोजला, कुणी खिडकी, कुणी मॅडमची ओढणी. राजकुमारच्या मेघानं वऱ्हांडा पावलांनी मोजला. जीभ दातात धरून, हात दोन्हीकडं पसरून, मुंगी शिरणार नाही असं चालत. मोजून झालं तर सत्यमचा आकडा वेगळा. तो म्हणे तुझं चुकलं, ही म्हणे तुझं चुकलं. प्रकरण वेण्या ओढण्यापर्यंत गेलं तेव्हा मॅडम मधे पडल्या.

"दोघंही बरोबर आहात," त्या हसून म्हणाल्या. "कसं काय, ते उद्या सांगते. आज घरी जाऊन काहीतरी मोठ्ठं मोजून या."

उद्या उजाडलं, मॅडम आल्या नाहीत. मतदार याद्यांच्या कामाला त्यांना तालुक्याला बोलावून घेतलं. मास्तरला शाळेतून उचलायला कोणतंही काम चालतं आणि मागं धडा अर्धा राहिला की पुरा, हे कुणी विचारत नाही. शहरातल्या छावणी भागातून रोज स्कूटीवर येणारी बाई यायची थांबली. दुसरीची पोरं मोठ्या गुरुजींच्या चौथीत मागं बसायला लागली, आणि दोघंही बरोबर कसे हे तसंच राहिलं.

मेघानं मात्र त्याच दिवशी मोठ्ठं काहीतरी मोजलं होतं. शाळेतून आल्यावर ती आजीबरोबर वावरात गेली. गोजरबाई शेळीला पाला काढत होती. मेघानं चप्पल काढली, बांधावरच्या लिंबाच्या बुंध्याला टाच लावली आणि आडवा बांध मोजत निघाली. पलीकडं जिथं मोठ्या बाबांची, म्हणजे थोरल्या चुलत्याची, नांगरट लागते तिथं थांबली.

"आज्जी, एकोणीस."

"काय एकोणीस?"

"पावलं. आपला बांध एकोणीस पावलं हाये."

"बरं बाई. आता पाला धर."

हा बांध होता मोठा. राजकुमार आणि त्याचा थोरला भाऊ सांडू, यांच्या वावरांच्या मधला. बापानं मरायच्या आधी वाटणी केली ती तोंडी, सात-बारा अजून एकच. बैलगाडी मोकळी जाईल एवढी वाट मधे सोडली, अलीकडं लिंब लावला आणि सांगितलं, लिंबाच्या अलीकडं धाकट्याचं, वाटेच्या पलीकडं थोरल्याचं, वाट दोघांची. पुढं बैल गेले, गाडी गेली. वाटेवर कुसळीचं गवत माजलं आणि तिला बांध म्हणायची सवय पडली.

बरीच वर्षं त्याच्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. मग वाळूजच्या कंपन्या एकेक करून खोरवाडीच्या अंगावर यायला लागल्या. रविवारी शहरातून, पुंडलिकनगरकडून गाड्या यायच्या. माणसं बुटाला माती लागू न देता कडेला उभी राहायची आणि गुंठ्याचा भाव विचारायची. वावर एकरानं मोजत होते तोवर भाऊ भाऊ होते. गुंठ्यानं मोजायला लागले तसे एकमेकांच्या बांधाकडं बघायला लागले. खोरवाडीत त्या सालात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, कुणी कुणाचा बांध कोरला.

राजकुमार एरवी या भानगडीत नसता. तो वाळूजला एका कारखान्यात कंत्राटी होता, बारा-बारा तास प्रेसवर उभा राहून घरी यायचा आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली आडवा व्हायचा. पण दिवाळीनंतर कंत्राटदारानं त्याला ब्रेक दिला. माणूस कायम होऊ नये म्हणून अधूनमधून घरी बसवतात, त्याला ब्रेक म्हणतात. ह्या खेपेला परत बोलावण्याचा फोन येईना. रोज सकाळी तो अंघोळ करून, कंपनीचा निळा शर्ट घालून फोनकडं बघत बसायचा. दुपारी शर्ट काढायचा आणि वावरात जायचा. रिकाम्या माणसाचं डोकं जिथं जाऊ नये तिथं जातं. त्याचं बांधावर गेलं.

सांडूनं गव्हासाठी वावर रोटाव्हेटरनं केलं तो दिवस वाऱ्याचा होता. ट्रॅक्टरवाला बाहेरगावचा. नांगरटीचा एकेक तास, एकेक ओळ संपली की तो ट्रॅक्टर बांधावरून वळवून घ्यायचा. संध्याकाळी राजकुमार गेला तर गवताची कड कुठं दिसेना. भुसभुशीत माती बांधावर उडाली होती, टायरचे व्रण उमटले होते, आणि सगळं कसं पलीकडच्यासारखं, नांगरलेलं दिसत होतं.

त्याच दिवशी हापशावर सांडूची बायको रत्नमाला धाकट्या जावेच्या पुढं घागर लावत म्हणाली, "काही लोकान्ला कंपनीनं हाकललं की मंग वावर आठवतं."

सरिता घागर न भरताच घरी आली आणि चुलीपुढं बसून सगळं नवऱ्याला सांगितलं. सांगायला नको होतं, पण माणूस आहे. दिवसभर दुसऱ्याचा कापूस वेचून बोटं चिरलेली, त्यावर हे मीठ.

राजकुमार जेवता जेवता थांबला. "मेघे, तू मागं बांध मोजला व्हता ना गं? किती भरला व्हता?"

"एकोणीस."

"नक्की?"

"नक्की. मुंगीसुदा गेली नाय मधून."

"उद्या परत मोजायचा."

गोजरबाई कोपऱ्यात भाकरी दुधात कुस्करत होती. ती एक महिना थोरल्याकडं राहायची, एक महिना धाकट्याकडं. हा महिना इकडचा होता. ती म्हणाली, "लेकराला कशाला मधी घेतो? दादाला जाऊन इचार."

"चोराला इचारू का, चोरी केली का म्हणून?"

"तुझा भाऊ हाये त्यो."

"म्हणून तर," राजकुमार म्हणाला, आणि पुढं जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत बूट आले. गणवेशाबरोबर यायचे ते आता आले, काळे, नाडीचे, वासानंच नवे. मोठ्या गुरुजींनी पायाचं माप काही बघितलं नाही. खोक्यातून निघेल तो जोड हातात द्यायचा, चिमटणारा नसला म्हणजे झालं. मेघाच्या वाट्याला पुढं चांगला रिकामा राहणारा जोड आला. "पाय वाढतील," गुरुजी म्हणाले. ती खडखड वाजवत घरी आली. गोजरबाईनं जुन्या लुगड्याची चिंधी फाडून दोन्ही बुटांच्या टोकात कोंबली, नाड्या आवळल्या.

"आता बसला का?"

"बसला. आज्जी, मी झोपताना पण काढणार नाय."

दुपारी बाप तिला वावरात घेऊन गेला. मागं आजीही आली, तिला घरी चैन पडेना. वारा थांबला होता, रात्रीत वरची माती उडून नांगरटीची कड उघडी पडली होती, पण उन्हात काही जोर नव्हता. लिंबावर एक कावळा नुसता बसून होता. रोटाव्हेटरनं उपटलेली बोराटी बांधावर पसरली होती, काटे वर करून. मेघानं एकदा बापाकडं बघितलं, बुंध्याला टाच लावली आणि निघाली. हात पसरून, जीभ दातात धरून. नव्या बुटांकडं बघत, टाच अंगठ्याला भिडवत.

मोठ्या बाबांच्या मातीला पाय लागला तेव्हा ती थांबली. मागं वळून बघितलं.

"पप्पा, पंधरा."

"परत मोज."

तिनं परत मोजलं. पंधराच. सोळावं पाऊल मातीत जात होतं.

राजकुमारच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला आनंद झाला. बरेच दिवस त्याचं कुठंच काही खरं ठरत नव्हतं, आज एक गोष्ट खरी ठरली होती. त्यानं पोरीला उचलून खांद्यावर घेतलं. बूट त्याच्या छातीवर आपटत होते. गोजरबाई मागून चालत होती, पण तिचं लक्ष त्या बुटांवर नव्हतं. ती पलीकडच्या वावरातल्या सांडूच्या झोपडीकडं बघत होती.

चार पावलं गेली, एवढं गावाला पुरलं. पानटपरीवर जाईपर्यंत ती पोरीची पावलं राहिली नाहीत, गड्याच्या ढांगा झाल्या. पाराजवळ त्याचा अर्धा गुंठा झाला. कुणी म्हणालं सांडूनं शहरातल्या पार्टीकडून इसार घेतलाय, त्याला वाट पाहिजे. कुणी म्हणालं लिंबही जाणार. सांगणाऱ्याच्या घरचं काहीच जात नव्हतं.

सांडू टपरीवर आला तेव्हा राजकुमार तिथंच होता. सांडू अंगानं आडदांड, बोलायला हळू. त्यानं तंबाखू मळत सगळं ऐकून घेतलं.

"राजू, पोरीच्या पावलानं वावर मोजतो व्हय रं?"

लोक हसले. राजकुमारच्या कानापर्यंत लाली चढली.

"तवा तिच्याच पायानं एकोणीस भरलं," तो म्हणाला. "आता तिच्याच पायानं पंधरा. पोरगी तीच, पाय त्योच. मंग कमी काय झालं, दादा? तूच सांग."

हसणारे गप झाले. सांडूही गप झाला. त्याला कळेना याला काय उत्तर द्यावं, कारण हिशेबात खोट दिसत नव्हती. त्यानं मनातल्या मनात ट्रॅक्टरवाल्याला आठवून बघितलं, त्यानं खाल्ला असेल का बांधाचा एखादा तास? त्या गप्प राहण्याचा गावानं जो अर्थ लावायचा तो लावला.

"मोजणी आण सरकारी," शेवटी तो म्हणाला. "तिच्यात निघंल ते निघंल."

"मोजणी येस्तोवर लिंब तरी ठिवशील का?"

"तोंड सांभाळ."

"मी दगडं रोवणार, दादा. पलीकडं. चार पावलं आत."

"रोव," सांडू म्हणाला. "मी बी बघतो."

त्या दिवसापासून घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. राजकुमारनं शेजाऱ्याची पहार आणली. दारात बसून तिचं टोक दगडावर घासत राहायचा, पाणी मारून, सावकाश. लोखंडाचा तो खरखर आवाज सरिताला चुलीपाशी ऐकू यायचा आणि तिच्या हातातली भाकरी तव्यावर करपायची. "दगडं रोवायला टोक कशाला लागतं एवढं?" तिनं एकदा विचारलं. त्यानं पहारीवर आणखी पाणी मारलं. निळा शर्ट खुंटीला तसाच टांगलेला होता. फोन वाजला तरी आता तो धावत नव्हता.

गोजरबाई महिना संपायच्या आतच थोरल्याकडं जाऊन आली. दारात उभी राहून म्हणाली, "सांडू, दोन-चार दिस वावराकडं जाऊ नको."

"माझ्या वावरात मी जाऊ नको?"

"म्हातारी म्हणून ऐक."

"माय, तुझा त्यो लाडका. तू त्याला सांग पहार ठिवून दे." सांडूनं तिला चहा पाजला, बसायला पोतं टाकलं. पण कबूल काही झाला नाही. रत्नमालानं आतून भांडं आपटलं. म्हातारी आल्या पावली परत फिरली. रस्त्यात तिला दोनदा खाली बसावं लागलं.

सोमवारी नजमा मॅडम परत आल्या. ऊन लागून चेहरा रापला होता, पायाला पट्टी होती. घरोघर फिरून टाच चिरली होती. पण बाई दिलेला शब्द विसरणारी नव्हती. हजेरी झाल्या झाल्या म्हणाल्या, "मेघा आणि सत्यमचं भांडण मी अर्ध्यात ठेवलं होतं. चला, वऱ्हांड्यात."

त्यांनी आधी सत्यमला चालवलं, मग मेघाला, मग स्वतः चालल्या. तीन आकडे खडूनं फरशीवर लिहिले. सगळ्यात कमी मॅडमचा. "वऱ्हांडा लहानमोठा झाला का मधल्यामधे?"

"नाय," पोरं ओरडली.

"मग आकडे वेगळे का?"

मॅडमनी खडूनं आपल्या पावलाभोवती रेघ मारली, तिच्या आत मेघाचा पाय ठेवायला लावला. "माझं पाऊल मोठं, म्हणून कमी पावलं लागली. तिचं लहान, म्हणून जास्त. मोजायची वस्तू तीच. माप बदललं की आकडा बदलतो. म्हणून सगळ्या जगानं मिळून एक पट्टी ठरवली." दाराबाहेरच्या बुटांकडं त्यांचं लक्ष गेलं. "अरे वा, नवे बूट. मेघा, आता हे घालून मोज. बघू काय गंमत होते."

मेघानं बूट घातले. वऱ्हांडा मोजला. शेवटच्या खांबापाशी जाऊन ती उभी राहिली ती उभीच. मॅडमनी आकडा विचारला. तिनं खाली बघितलं, बुटाच्या टोकात अंगठ्यानं चिंधी चाचपली. एवढ्या लहान जिवाला असली भीती कळू नये, पण कळली.

"बूट," ती म्हणाली. "मॅडम, बूट."

आणि बूट तिथंच काढून फेकून ती पळत सुटली. मॅडम मागून हाका मारत राहिल्या.

शाळेपासून वावर काही फार लांब नाही. ओढा, मग कोल्ह्याची टेकडी, मग लिंब दिसतो. मेघाच्या पायात काटा मोडला तो तिला कळला नाही. तोंडानं ती घोकत होती, पप्पा पाय वाढला, पप्पा बूट मोठा, काय आधी सांगावं ते जुळवत. लिंब दिसला. लिंबाखाली माणसंही दिसली, आणि ती कुणीच हलत नव्हती.

ती पोचली तेव्हा सांडू मातीत उताणा पडला होता. डोक्याखालची माती काळी ओली झाली होती. रत्नमाला त्याच्याजवळ बसून आपल्या पदराचा बोळा दाबत होती आणि आवाज न करता रडत होती. पहार बाजूला पडली होती. तिच्या शेजारी एक दगड अर्धा रोवलेला, सांडूच्या वावरात, चार पावलं आत. राजकुमार लिंबाला टेकून बसला होता. दोन्ही हात गुडघ्यावर, तळवे वर.

"त्यानं दगड उपटला," तो कुणाला तरी सांगत होता. "मी म्हणलं हात लावू नको. त्यानं उपटला."

कुणीतरी टेंपो आणला. चौघांनी सांडूला उचलून चढवला, रत्नमाला वर बसली. टेंपो शहरातल्या घाटीच्या सरकारी दवाखान्याकडं निघाला. धूळ बसल्यावर पोलीस पाटलानं राजकुमारला हाताला धरून उठवलं आणि गावाकडं चालवलं. मेघा त्याच्या पायाला लोंबली, "पप्पा, ऐक ना, पप्पा," पण त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पाय सोडवून घेतला.

माणसं पांगली. बांधावर म्हातारी आणि पोरगी राहिली.

मेघानं बुंध्याला टाच लावली. पाय उघडे, एकातून रक्त येत होतं. ती चालायला लागली, टाच अंगठ्याला, मोठ्यानं मोजत. गोजरबाई बघत राहिली. पंधरा झालं. सोळा झालं. पोरगी रडत रडत मोजत होती. एकोणिसाव्या पावलाला तिचा अंगठा नांगरटीच्या कडेला टेकला.

"आज्जी, एकोणीसच हाये. बांध तेवढाच हाये. पंधरा भरलं तवा माझ्या पायात बूट व्हता. बूट मोठा हाये गं आज्जी."

गोजरबाई खाली बसली. तिची नजर त्या काळ्या ओल्या मातीवर गेली. मग तिनं पदरानं पोरीचं नाक पुसलं, पायातला काटा नखानं काढला.

"आणखी कुणाला सांगितलं?"

"नाय."

"मास्तरीणबाईला?"

"नुसतं बूट म्हणलं."

पोरीला उचलून घेण्याची ताकद म्हातारीत नव्हती, तरी तिनं उचलून घेतली.

सकाळी घाटीतून निरोप आला, सांडू अजून शुद्धीवर नाही, डॉक्टर काही सांगत नाहीत. राजकुमार रात्रीपासून चौकीत होता. पंचनाम्याला पोलिसांची गाडी येणार होती, आणि पाटील सांगून गेला होता, जमादार पोरीला विचारणार, बांध किती होता, किती राहिला.

नजमा मॅडमनी बूट घरी पाठवून दिले होते. उंबऱ्यात ते शेजारी शेजारी ठेवलेले होते. सरिता भिंतीला टेकून नुसती बसली होती.

गोजरबाईनं मेघाला पुढ्यात घेतलं. एक बूट उचलला, टोकातली चिंधी बोटानं नीट दाबली आणि पोरीचा पाय त्यात सरकवला.

"आज्जी, बूट नको."

"घाल."

"मॅडम म्हणल्या माप बदलतं. खोटं व्हईल."

"तुझ्या बापाला इचारतील, सख्ख्या भावाला का मारलं," गोजरबाई म्हणाली. तिचा आवाज कापत नव्हता, हीच त्यात भीती होती. "बांध खाल्ला म्हणून. एवढंच हाये त्याच्याकडं. ते बी गेलं तर काय राहतं? एक लेक माझा तिकडं पडलाय. दुसरा तरी सुटू दे."

"आन मोठे बाबा?"

म्हातारीनं दुसरा बूट घातला, नाड्या ओढल्या, दोन्हीकडं गाठ मारली. गाठीवर तिचे डोळे गळत होते, हात थांबत नव्हते.

बाहेर गाडी येऊन उभी राहिली. कुत्री भुंकली. जमादाराच्या मागून नजमा मॅडमही उतरल्या. पोरगी लहान आहे, कुणीतरी ओळखीचं माणूस असावं म्हणून त्यांना आणलं होतं. त्या दारात आल्या, पोरीकडं बघून ओळखीचं हसल्या. मग त्यांची नजर खाली, बुटांवर गेली आणि चेहऱ्यावरचं हसू राहिलं नाही.

मेघानं मॅडमकडं बघितलं, मग आजीकडं. गोजरबाईनं तिला पाठीवर हात ठेवून उठवलं.

"चल," ती म्हणाली. "टाच अंगठ्याला लावून मोज. बाईनं शिकवलंय तसंच."